एका भांडणाच्या दोन शिक्षा

अण्णा, तुमच्या नातवाला शिक्षा झाली. दोन वर्षं सक्तमजुरी. खालच्या कोर्टानं दिली होती, तिच्यावर आम्ही अपील केलं होतं. ते गेल्या आठवड्यात फेटाळलं आणि त्याला कोर्टातूनच आत नेलं. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता. तुमची पोलिसातली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली की ती नाकापर्यंत यायची, आणि तुम्ही हसता हसता खोकायला लागायचात. आई त्याच्याही आधी गेली. आता आपल्यात पोलिसातलं माणूस कुणी उरलं नाही, आणि मला जे विचारायचंय ते पोलिसालाच विचारण्यासारखं आहे. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. पोरं मैदानात खेळतायत, मी वर्गात एकटीच आहे. पलीकडच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या, चहाला येता का म्हणून. मी नको म्हणाले.

आधी हे सांगते की त्यानं मारलं. मी आई आहे म्हणून माझ्या लेकानं काही केलंच नाही, असं म्हणणार नाही. तुम्हाला तसलं बोलणं कधीच आवडायचं नाही. ठाण्यात येणारी प्रत्येक आई हेच म्हणते, असं तुम्ही सांगायचात. तर त्यानं मारलं, आणि त्याच्या दोस्तानंही मारलं. हा दोस्त गावातल्याच मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले, माझ्याच हाताखाली शिकलेले. दोघांना बाराखडी मीच शिकवली. तो आमच्या घरी जेवायचा, हा त्यांच्या शेतात हुरडा खायला जायचा. त्यांच्या घरात हा ओसरीच्या पुढं गेला की नाही, ते मी कधी विचारलं नाही. पोरांची दोस्ती चांगली होती, ती तशीच असू द्यावी असं वाटायचं.

दोघं एका वर्गमित्राच्या लग्नाहून मोटारसायकलवर परत येत होते. देवगाव फाट्यावर चहाला थांबले. तिथं एका टेम्पोच्या ड्रायव्हरशी गाडी लावण्यावरून बोलाचाली झाली. ड्रायव्हरनं आडनाव विचारलं. तुमच्या नातवानं सांगितलं. त्यावर तो माणूस जे बोलला ते मी लिहीत नाही, तुम्ही आयुष्यभर ऐकलंय. तुमच्या नातवानं ऐकून घेतलं. घरातून शिकवलेलं होतं तसं. पहिला हात दोस्तानं उचलला, कारण त्याला ते ऐकून घ्यायची सवय नव्हती. मग दोघांनी मिळून मारलं. तो माणूस हॉटेलच्या ओट्यावर पडला आणि त्याचा हात कोपरात मोडला. कोर्टात मी त्याला पाहिलं, अण्णा. हात सरळ होत नाही त्याचा. आता टेम्पो चालवता येत नाही म्हणे. त्याची बायको त्याच्या शेजारी बसून त्याच्या शर्टाची गुंडी लावत होती. मला त्याचा राग यायला पाहिजे होता, पण तसा आला नाही.

गुन्हा दोघांवर एकच, कलम एकच. जामीनही दोघांना एकाच दिवशी झाला. साक्षीदारांनी दोघांनाही ओळखलं. आपले वकील चांगले होते. ते म्हणाले, "मॅडम, शिक्षा होणार, पण दोघांचंबी वय एकविशीच्या आत हाय. अशा पोरांना शक्यतो तुरुंगात न्हाई टाकत. चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडतात. घरचा अहवाल मागवतात, तेवढा नीट आला की झालं." मला केवढा धीर आला! घरचा अहवाल म्हणजे काय भ्यायचं? मी शिक्षिका, तुमचे जावई एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, पोरगा आयटीआयला. घरात कुणी विडीसुद्धा ओढत नाही. आजोबा पोलिसात होते. मला वाटलं, असला अहवाल तर पोलिसांच्या घरातसुद्धा येणार नाही.

घरचा अहवाल लिहिणारे ते परिविक्षा अधिकारी आले त्या दिवशी मी रजा टाकली होती. घर झाडून पुसून घेतलं होतं, तुमचा गणवेशातला फोटो पुसून समोरच्या भिंतीवर लावला होता. गल्लीच्या तोंडाशी निळी कमान आहे, तिथंच त्यांची जीप थांबली. ते चालत आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मी म्हणाले, "साहेब, बसा ना, चहा टाकते."

"नको नको, आत्ताच झालं जेवण. तिकडं सोडलंच न्हाई त्यांनी." तिकडं म्हणजे दोस्ताच्या घरी.

"आत तर या. पाणी तरी घ्या."

"घाई हाय मॅडम. अजून दोन गावं करायचीत." मग उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, घरात माणसं किती, शेती आहे का. मी म्हणाले, शेती नाही, दोघं नोकरी करतो. त्यांनी शेती नाही एवढंच लिहून घेतलं. मग कमानीकडं बघत म्हणाले, "इथं मागं दगडफेक झाली व्हती न्हाई का? त्यात पोराचं नाव हाय ना?"

मी सांगायला लागले. मिरवणुकीतल्या आवाजावरून भांडण झालं ते चौकात झालं. पोलीस मात्र संध्याकाळी वस्तीत शिरले आणि जो घरी सापडला त्याला घेऊन गेले. हा नळावर पाणी भरत होता. हातात घागर होती. आजपर्यंत त्या केसची सुनावणीसुद्धा नीट सुरू झालेली नाही. मी हे सगळं सांगत होते आणि ते मान हलवत होते. पेन त्यांनी खिशाला लावून टाकला होता. जाताना कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याला त्यांनी काहीतरी विचारलं. मी दारातून बघत राहिले. माझ्या घरातलं वातावरण कसं आहे हे तो पानटपरीवाला त्यांना सांगत होता, अण्णा. तो माणूस माझ्या घरात कधी आलेला नाही.

निकालाच्या दिवशी दोघं पिंजऱ्यात शेजारी शेजारी उभे होते. दोघांच्या अंगात पांढरे शर्ट. आदल्या दिवशी दोघांनी एकाच दुकानातून घेतले होते, वकिलांनी सांगितलं होतं म्हणून. न्यायाधीश वाचत गेले. आरोपी क्रमांक एक, वय लहान, शिक्षण चालू, प्रतिष्ठित कुटुंबातील, घरचे वातावरण सुधारणेस अनुकूल. त्याला हमीवर सोडलं. मग आरोपी क्रमांक दोन. वस्तीतलं वातावरण अनुकूल नाही. यापूर्वीही गुन्हा दाखल आहे. समाजात जरब बसणे आवश्यक आहे. मी ऐकत होते आणि मला अजूनही वाटत होतं की शेवटी तेच येणार. वाक्य संपलं तेव्हाही मला कळलं नाही. तुमचे जावई शेजारी बसले होते, त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नंतर वळ उठले. पिंजऱ्यात मात्र दोस्तच आधी ओरडला. "साहेब, आमी दोघं व्हतो!" पोलिसानं त्याला गप्प केलं.

त्या दिवसापासून मला पालमचं ते आपलं क्वार्टर दिसायला लागलंय. तुम्ही तेव्हा तिथल्या ठाण्यात होता. मी चौथीत असेन. आई चुलीपुढं ज्वारीचं पीठ मळतेय आणि मागच्या दारात एक बाई येऊन उभी राहते. गावाबाहेर पारध्यांची पालं पडली होती, तिथली. कडेवर लेकरू, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. ती आत येत नाही, दाराची कडी धरून बोलते. "बाई, माझा मालक चार दिस झाले पडून हाय. ताप हाय अंगात. चोरी कवा करंल तो? जमादाराला सांगा वो." आदल्या दिवशी गावातल्या एका मोठ्या घरी चोरी झाली होती आणि तुम्ही तिच्या नवऱ्याला उचलून आणलं होतं. आईनं तिला भाकरी दिली, वर ठेचा दिला. तिनं ती पदरात बांधली आणि तिथंच बसून राहिली.

तुम्ही दुपारी जेवायला आलात. ती बाई तुम्हाला बघून उठून उभी राहिली. तुम्ही तिच्याकडं न बघता आत आलात. आईनं ताट वाढलं आणि विचारलं, "त्यानं केलंय का?"

"मला काय माहीत."

"मंग आणलं कशाला?"

"त्याच्या नावावर आधीच हायेत दोन-चार."

"ते तरी त्यानं केले व्हते का?"

तुम्ही घास हातात धरून बसलात. मग म्हणालात, "वरून हुकूम हाय. मी न्हाई आणला तर दुसरा जाऊन आणंल. अन् तो मारत आणंल." तुम्ही ताटावरून उठलात. अर्धी भाकरी तशीच राहिली. अन्न टाकलेलं तुम्हाला कधी चालायचं नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

आणि त्याच आठवड्यात, हापशावर, त्या पालातल्या एका पोरीला मी चोराची म्हणाले. तुम्ही मागून येत होता. माझा दंड धरून तुम्ही मला घरापर्यंत ओढत आणलंत. तुमचा आवाज चढला नाही, पण ओठ थरथरत होते. "कोर्ट म्हणल्याबिगर कुणी चोर नसतं. कळलं का? आपल्याला लोकं काय काय म्हणले, ते आपण व्हतो का? कायदा हाय म्हणून आपण हावोत. परत हे त्वांडातून निघालं तर बघ." मी ते आयुष्यभर पाळलं, अण्णा. माझ्या वर्गात कुणाचा पेन हरवला तरी मी आधी कुणाकडं बोट दाखवू देत नाही. माझ्या लेकालाही मी तेच शिकवलं. कायदा आपला आहे. आपल्या माणसानं लिहिलाय. त्याच्यापुढं सगळे सारखे.

आता मला हे विचारायचंय. त्या पारध्याचं पुढं काय झालं? तुम्ही कधीच बोलला नाहीत. तो सुटला असेल, तर कितव्या दिवशी, आणि अंगावर काय घेऊन? आणि पुढच्या चोरीला पुन्हा तुम्हीच गेलात का त्याला आणायला? कारण आता मला कळायला लागलंय की हे कसं होतं. एकदा नुसतं उचलून आणलं की नाव लागतं. दुसऱ्यांदा ते नाव बघून आणतात. तिसऱ्यांदा न्यायाधीशच म्हणतात की याच्यावर आधीचे आहेत. कुठल्याच वेळी कुणी खोटं बोलत नाही. तो अधिकारी खोटं बोलला नाही. सरकारी वकीलही खोटं बोलले नाहीत. केस आहे म्हणाले, केस आहेच. तुम्हीसुद्धा खोटं बोलला नव्हता. मला एवढंच कळत नाही की तुम्हाला हे तेव्हा दिसत होतं का. दिसत असेल, तर ओठ थरथरत असताना मला ते वाक्य कसं काय सांगितलंत? आणि नसेल दिसत, तर अर्धी भाकरी ताटात का राहिली?

तुमच्यावर चिडून लिहीत नाही मी. चिडायला जोर लागतो, तो आता राहिलेला नाही. शाळेत मी फळ्यावर लिहिते आणि मध्येच थांबते, पोरं म्हणतात, "बाई, पुढं?" तुमचे जावई कामावरून येतात आणि हात न धुता ओट्यावर बसून राहतात, ग्रीस वाळून जातं. घरात आम्ही दोघं असलो तरी टीव्ही लावावा लागतो, नाहीतर शांतता ऐकवत नाही.

अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो जामिनावर घरीच होता. अपिलात वकिलांनी एवढंच मांडलं की मार एक, कलम एक, वय एक, मग शिक्षा दोन का? मला वाटलं, एवढी साधी गोष्ट पाचवीच्या पोरालाही कळेल. पण वर सांगितलं गेलं की हमीवर सोडणं हा काही हक्क नाही, ती कोर्टानं प्रत्येकाची परिस्थिती बघून द्यायची सवलत आहे. परिस्थिती खालच्या कोर्टानं बघितलेली आहे. संपलं. पोलिसानं त्याचा दंड धरला तेव्हा त्यानं खिशातला मोबाईल आणि मोटारसायकलची चावी काढून माझ्या हातात दिली, जणू दुकानात निघालाय. "गाडीचं इंजिन ऑइल बदला, लय दिवस झाले," असं वडलांना म्हणाला आणि गेला.

परवा त्याला भेटून आले. काचेच्या पलीकडं तो, फोनवर बोलायचं. चेहरा उतरलाय, दाढी वाढलीय. जेवतोस का, विचारलं. हो म्हणाला. झोप लागते का, हो म्हणाला. मग म्हणाला, "आई, बराकीत एक म्हातारा हाय. त्यानं विचारलं, तुझा साथीदार कुठाय. मी म्हणलो, घरी. तो म्हणला, कसं काय? मी म्हणलो, तो चांगल्या घरचा हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, आपलं घर वाईट हाय का गं?"

अण्णा, मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवतेय. पोरांनी प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही, असं कितीदा झालं असेल. उद्या सांगते म्हणायचं, पुस्तक बघायचं, सांगायचं. याचं उत्तर मी कशात बघू? मी म्हणाले, "न्हाई रे राजा." ते इतक्या बारीक आवाजात निघालं की त्यानं विचारलं, "काय म्हणलीस?" तेवढ्यात वेळ संपली. मी म्हणाले, वकील म्हणतायत आपण वर हायकोर्टात जाऊ. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "नको. तिथंबी तेच वाचतील."

वर जायचंच, असं तुमचे जावई म्हणतात. मीही जाऊ म्हणते. पण मनातून मला काही होईलसं वाटत नाही, आणि हे मी त्यांना सांगत नाही, तेही बहुतेक मला सांगत नाहीत. पूर्वी कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी चपला नीट लावायचे, पदर सारखा करायचे, देवळात जाणारी माणसं करतात तसं. आता माझ्या अंगात तेवढं त्राण नाही. तुम्ही माझ्यात घातलेलं एक काहीतरी होतं, ते गेलं. ते पोरगं सुटून येईल तेव्हा त्याच्यासाठी घरात मी काय ठेवलेलं असेल?

एक सांगायचं राहिलं. अपील फेटाळलं त्या दिवशी दोस्त कोर्टात आला होता. त्याला यायचं काही कारण नव्हतं, त्याचं प्रकरण कधीच मिटलंय. आवारात लिंबाखाली आम्ही उभे होतो, तो आला आणि पायाच पडला माझ्या. उठेना. "बाई, पैला हात माझा व्हता. मी साहेबाला सांगतो, मलाबी आत टाका." वकील म्हणाले, "असं नसतं होत बाळा." तो लहानपणी रडायचा तसा रडत होता, नाक वर ओढत. चांगलं पोरगं आहे. माझ्या लेकासाठी त्यानं हात उचलला, हे मी विसरलेली नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "उठ, घरी जा. आई वाट बघत असेल."

लोक बघत होते. कुणीतरी म्हणालं, केवढं मन आहे बाईचं. आणि अण्णा, माझा हात त्याच्या केसांवर होता तेव्हा माझ्या मनात त्याला क्षमा नव्हती, माया नव्हती. माझं पोरगं सुटावं हेसुद्धा त्या क्षणी मनात नव्हतं. हाही आत जायला पाहिजे होता, एवढंच होतं. त्याच्या आईनंही काचेपलीकडं बघून फोन कानाला लावायला पाहिजे होता. हे मी घरी सांगितलेलं नाही, वकिलांना सांगितलेलं नाही. घंटा झाली, पोरं आत यायला लागलीत. हे मी फाडून टाकणार आहे.